मोटारीचं पितळी तोंड

नाना, मला आता लिहिता येतं. तुम्ही होतात तेव्हा येत नव्हतं आणि तुम्हालाही वाचता येत नव्हतं, म्हणून त्या वेळी आपलं काही अडलं नाही. मुलीने शिकवलं. ती शाळेत शिकवते. तिने मलाही पाटी आणून दिली आणि चुकलं की शाळेतल्या पोरांवर रागवावं तशी माझ्यावर रागावली. जोडाक्षरं अजून चुकतात. आज जेवणं आटोपून ओसरीवर बसले आहे. बाहेर ऊन रखरखतं आहे, घरात कोणी नाही, आखाजी, मुलीच्या शाळेत जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती, तोंडावर आली आहे. गल्लीतल्या कडुलिंबाला पोरींनी झोका बांधलाय, तो दुपारचा रिकामा लोंबतोय. कुठून सुरू करावं हे कळत नव्हतं, तर म्हटलं आखाजीपासूनच करू.

त्या वर्षी मी जळगावहून धुळ्याला आखाजीसाठी आले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पदरात काही नव्हतं. सासूने निघताना नवं लुगडं दिलं, सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला, आणि इतकं गोड बोलली की गाडीत मी तो डबा उघडलाच नाही. सण झाला. गौराई बोळवली. गल्लीतल्या एकेकीला घ्यायला माणसं आली आणि झोक्यावरच्या पोरी कमी कमी होत गेल्या. मला घ्यायला कोणी आलं नाही. जळगावची माणसं ज्या गाडीने येत ती चाळीसगावकडची गाडी यायची वेळ झाली की अंगणातली तुमची ठोकणी थांबायची. जन्मभर हंडे-घागरी ठोकून तुमचे दोन्ही कान अधू झालेले. गाडीची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नसे, तरी तुम्ही हातोडा मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसायचात. मग थोड्या वेळाने पुन्हा ठोकायला लागायचात. पावसाळा लागता लागता भांड्यांच्या एका व्यापाऱ्याने बातमी आणली, की जळगावला माझ्या घरी दुसरी आणली. त्या दिवशी तुम्ही जो हंडा हातात घेतलात तो ठोकून ठोकून फाडलात. तांब्याचा पत्रा असा फाटलेला मी आपल्या अंगणात तेवढ्या एकदाच पाहिला.

आपण घरात तिघं होतो. आई मी लहान असतानाच गेलेली, घर तुमच्या मोठ्या बहिणीने, अक्काने, सांभाळलेलं. टाकलेली बाई घरात असली की घर कसं गप्प होतं ते मला सांगायला नको. अक्का मला चूल सोडून दुसरीकडे बसू देत नसे, लोक काय म्हणतील म्हणून. मी भांडी घासायची. आधी घरची, मग तुमच्या हातून उतरलेली नवी. चिंच, राख, विटेची वस्त्रगाळ पूड आणि शेवटी कोरडी रांगोळी, अशी एकामागून एक लावून मी घागर पुसली की तिच्यात अंगणातला लिंब दिसायचा. बाजारात लोक विचारायला लागले, ही चकाकी कुठली. तुम्ही सांगितलं नाही कोणाला. मला वाईट वाटलं होतं तेव्हा.

मग तो मोटारीचा ड्रायव्हर आला. आग्रा रोडवर तेव्हा खासगी मोटारी धावायला लागून काही वर्षं झाली होती; हा साक्रीकडच्या गाडीवर होता. पोत्यात गुंडाळून त्याने एक जड धूड आणलं आणि अंगणात उभं केलं. वर एक पितळी टाकी, खाली एक पितळी टाकी, मध्ये बारीक नळ्यांची आणि पत्र्याच्या पापुद्र्यांची दाट जाळी. इंजिनाच्या तोंडाशी बसवतात ते, मोटारवाले ज्याला रेडिएटर म्हणतात आणि आपण पुढे नुसतं टाकी म्हणायला लागलो.

"तांबटदादा, चढ लागला की पाणी उकळतं, आणि इथून इथून गळतं," तो म्हणाला.

"काय?"

"गळतं!" तो तुमच्या कानाशी ओरडला.

"गळस ना? मंग हाई घागरच शे," तुम्ही म्हणालात आणि कामाला बसलात.

ती घागर नव्हती. तुम्ही दोन दिवस तिच्याशी झटलात. तुमची बोटं घागरीच्या गळ्यात फिरायची सवय असलेली, जाड. जाळीच्या फटीत ती जात नव्हती, आणि डोळ्यांना आतलं भोक दिसत नव्हतं. मी चुलीपाशी बसून बघत होते. वरच्या टाकीतून तापलेलं पाणी नळ्यांतून खाली उतरतं, वारा लागून निवतं, आणि पुन्हा इंजिनात जातं, हे तो ड्रायव्हर सांगत होता तेव्हाच मला कळलं होतं. आपला बंब पाणी तापवतो, हा पाणी निववतो, बाकी कारभार तोच. आणि बंबात आडाच्या जड पाण्याचं पांढरं कीट धरतं तसं यातही धरणारच. मी उठून आले आणि तुमच्यासमोर बसले. अक्काने आतून हाक मारली, मी गेले नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, जाळी माझ्याकडे वळवलीत, आणि भात्यावर जाऊन बसलात. इतकंच. शिकवतो म्हणाला नाहीत, शीक म्हणाला नाहीत.

मी घरातली वर्षाची सगळी चिंच कोळून मोठ्या पातेल्यात उकळली आणि ते आंबट पाणी नळ्यांत भरून रात्रभर ठेवलं. सकाळी उपडं केलं तर पांढरा गाळ भळभळून बाहेर आला, आणि त्याच्यामागे अक्काचा आवाज: "वरीसनी बठ्ठी चिंच मोटारना पोटमा घाली दिधी!" तुम्ही हसलात. मी धुळ्याला परत आल्यापासून तुम्ही पहिल्यांदा हसलात ते त्या चिंचेवर. मग तोंडं बोळ्यांनी बंद करून आपण ती टाकी दगडी डोणीत बुडवली. तुम्ही एका बाजूने फुंकर घातलीत, पाण्यातून बुडबुडे जिथून वर आले तिथे मी बोट ठेवलं. तापलेल्या तांब्याच्या खिळ्याने, नवसागर लावून, कथील आणि शिशाची झाळ वितळवून त्या भोकावर उतरवली. वाकलेले पापुद्रे मी माझ्या केसांच्या लाकडी फणीने सरळ केले. पितळी टाक्या घासून अशा काढल्या की ड्रायव्हर न्यायला आला तो आधी त्यांच्यात स्वतःच्या मिशा बघायला लागला.

त्यानंतर आपल्या अंगणात पितळी टाक्या यायला लागल्या. मोटारीवाले म्हणायचे, झाळायची ती झाळा, पण घासून तशीच द्या, गाडीचं तोंड उजळलं पाहिजे. लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी लावायची असली की नुसतं घासायलाही आणत. मला काम मिळालं होतं, नाना. सकाळी डोळे उघडल्यावर आज काय करायचं ते ठाऊक असणं केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याच्याकडून ते गेलेलं असतं त्यालाच कळतं. गल्लीतून जाणाऱ्या बायका अंगणाच्या दाराशी थबकत. टाकलेली म्हणून बघायला थबकतात की त्या चकाकीसाठी, हे मी मनातल्या मनात निवडत बसायचे. जास्त घासायचे. अजून जास्त.

आणि त्यातूनच ते लळिंगच्या घाटाचं झालं. मी एका टाकीचे सांधे विटेच्या पुडीने इतके घासले की झाळ पातळ झाली. अंगणात डोणीत बुडवून पाहिली तेव्हा एकही बुडबुडा आला नव्हता. घाटात, भर दुपारी, माणसांनी भरलेली गाडी चढत असताना सांधा सुटला आणि सगळं पाणी वाफ होऊन गेलं. माणूस सांगावा घेऊन आला. तुम्ही शेगडी, भाता, खिळा, झाळ सगळं पाटीत भरलंत, टांगा आणलात आणि मला म्हणालात, चल. अक्का दारात आडवी झाली, बाई रस्त्यावर बसून काम करणार का म्हणून. तुम्हाला ऐकू आलं नाही, की आलं, मला कधी कळलं नाही. टांग्यात समोर बघतच म्हणालात, "कोनले दखाडनं व्हतं तुले?"

कोणाला दाखवायचं होतं मला? तुम्ही रागावून बोलला असतात तर मी रडले असते. तुम्ही खरंच विचारत होतात, आणि मला उत्तर येत होतं, पण ते बापाला सांगण्यासारखं नव्हतं. जळगावच्या स्टॅंडवर ती गाडी कधी उभी राहावी, आणि त्या घरातल्या कोणाची तरी नजर त्या पितळेवर पडावी, एवढंच मला हवं होतं.

घाटात रस्त्याच्या कडेला बाभळीखाली मी बसले आहे. ते ऊन मला अजून पाठीवर लागतं. तुम्ही भाता मारता आहात, उतारू कोंडाळं करून उभे आहेत, बायका पदर तोंडाला लावून कुजबुजताहेत. एक फेटेवाला म्हातारा मोठ्याने म्हणतो, "बाई झाळणार का मोटार? मग पोचलो आपण!" लोक हसतात. माझ्या खिळ्यावरचा झाळेचा थेंब भलतीकडेच पडतो. तुम्हाला त्याचं बोलणं ऐकू आलेलं नाही, पण हसणाऱ्यांची तोंडं दिसली आहेत. तुम्ही भाता सोडून उभे राहता आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणता, "मनी पोर शे ती. हाई काम तीच करस. मी नुसता ठोकस." आणि परत बसून भाता मारायला लागता. कोणी हसत नाही मग. मी सांधा झाळते. गाडीत पाणी भरतात, ड्रायव्हर हॅंडल मारतो, गाडी धुरळा उडवत चढावर जाते, आणि तो म्हातारा शेवटच्या खिडकीतून आपल्याला हात जोडतो. तुम्ही ते बघितलंत की नाही? मी तुम्हाला परतताना विचारणार होते. राहून गेलं. आपल्याकडे बोलायची रीतच कमी होती.

लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि त्या धुरावर इंजिनं चालायला लागली. चालायची कसली, कुंथायची. चढावर तर माणसं उतरून ढकलत. साक्रीचा तो ड्रायव्हर एकदा आला तो कपाळाला हात लावूनच बसला. "बहेन, गळत नाही, कीट नाही, तरी उकळतं. आता काय करू?"

"पाणी कमी पडतं," मी म्हणाले. "टाकी मोठी पाहिजे."

तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. तुम्ही उठलात, घागरीसाठी आणून ठेवलेला पितळेचा पत्रा काढलात, आणि जमिनीवर कोळशाने एक फुगीर पोटाचा आकार ओढलात. पत्र्याचे तुकडे जोडून डबा करायचा तर कोपरे आले, कोपरे आले की सांधे आले, आणि हादऱ्याने सांधेच आधी सुटतात. घागरीचं पोट उठवतात तसं तुम्ही एकाच पत्र्यातून त्या टाकीचं पोट उठवलंत. तापवून, निववून, परत ठोकून. तुमची नजर तोवर पुष्कळ गेली होती. तुम्ही हातोड्याच्या आवाजावर नाही, कारण तोही ऐकू येत नव्हता, तळहाताला बसणाऱ्या हादऱ्यावर ठोकत होतात. मी खाली नळ्यांचा पट्टा झाळला आणि वर तुमचं ते पोट बसवलं. मग घासायला बसले. सांध्यांच्या जवळ आले की तुम्ही माझा हात धरायचात. तिथे फक्त राख आणि फडकं. ती गाडी स्टॅंडवर उभी राहिली तेव्हा पोरंटोरं हात लावून बघत होती आणि चटका बसला की ओरडत होती. घाट ती न थांबता चढली. ड्रायव्हरने पेढे आणले. अक्काने पहिला पेढा देवापुढे ठेवला, दुसरा मोटारीला ठेवायला सांगितला, आणि तिसरा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "खा. आते काय, तू कर्ती व्हयनी."

ते आपले बरे दिवस होते, नाना. मला पुढे आयुष्यात पुष्कळ बरं मिळालं, पण असं नाही.

तशीच दुसरी टाकी अर्धी झाली होती तेव्हा माझा नवरा आला. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. त्याच्या खांद्यावर एक दीड-दोन वर्षांची पोर होती, मान टाकून झोपलेली. दुसरी बायको बाळंतपणात गेली होती, तिच्याबरोबर ते दुसरं मूलही गेलं होतं. हे सगळं, आणि मला न्यायला आलोय हेही, त्याने अंगणात उभ्या उभ्या, तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितलं. असं ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की कोणीतरी याला पाणी द्यावं. पोर उठली आणि रडायला लागली. अक्काने तिला घेतलं, ती अक्काकडे राहीना, म्हणून अक्काने माझ्याकडे दिली. माझे हात काजळी आणि नवसागराने भरलेले. मी मनगटांनीच तिला धरलं. ती माझ्या खांद्यावर तोंड खुपसून गप्प झाली.

मी तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

अक्का तुमच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "तिले इचार तरी. इतला दिन तिनं काम तूनाबरोबर करं."

तुम्ही म्हणालात, "काय इचारानं? घर तिनं शे ते."

मी दाराशी उभी होते. अर्धी झाळलेली टाकी अंगणात शेगडीपाशी आडवी पडली होती. मी वाट बघत होते की तुम्ही वळाल, आणि नुसतं विचाराल. त्याच्यापुढे नको तर आत येऊन विचाराल. तुम्ही आत आलात, पाणी प्यायलात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ती टाकी ऱ्हाऊ दे. मी करसू." तुम्हाला त्या जाळीची एक नळी दिसत नव्हती. ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाले. तुम्ही मला स्वतःच्या हातची घागर दिलीत, नवी, ठोके इतके एकसारखे की माशाच्या खवल्यांसारखे दिसावेत. ती तुम्ही खांद्यावर घेऊन स्टेशनवर आलात आणि डब्यात माझ्या पायाशी ठेवलीत. मला वाटलं होतं की तुम्ही तो तांब्याचा खिळा द्याल. त्या घरात मी तो वापरू शकले नसते, ते भांड्यांचे दुकानदार, बायका दुकानात पाऊल टाकत नाहीत. तरी मला वाटलं होतं. गाडी सुटताना मी खिडकीतून म्हणाले, दवाखान्यात डोळे दाखवा. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "हां, हां, पोच व्यवस्थित." चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत ती पोर माझ्या मांडीवर झोपली होती. तिनेच आता मला अक्षरं शिकवली.

सासरी मला कोणी छळलं नाही. ते खोटं लिहिणार नाही. सासू म्हातारी झाली होती, नवरा वरमलेला होता, आणि पोरीला मी एका महिन्यात "माय" झाले होते. तिच्या दुधाला, दातांना, तापाला दिवस पुरत नसत. पण कधी दुकानासमोरून मोटार गेली आणि तिच्या तोंडावर ऊन चमकलं की माझ्या बोटांना काहीतरी व्हायचं. एकदा तो साक्रीचा ड्रायव्हर माल घेऊन जळगावला आला होता. दुकानात भांडी बघण्याच्या निमित्ताने त्याने मला निरोप पाठवला. मी मागच्या दाराशी गेले. तो म्हणाला, "बहेन, म्हाताऱ्याला दिसत नाही, पण कबूल करत नाही. झाळ भलतीकडे लावतो. मालकाने काम काढून घेतलं, स्टॅंडजवळ कारखाना निघालाय तिकडे दिलं. मी काही बोललो नाही त्यांना. तुम्ही एकदा या."

मी आखाजीला येणार होते. पोरीला गोवर निघाला, आणि मी आले नाही. पुढच्या आखाजीच्या आधीच, थंडीत, तुम्ही गेलात. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. मी पोचले ती दहाव्याच्या आदल्या दिवशी.

अंगण झाडून स्वच्छ केलेलं होतं. भाता गुंडाळून भिंतीशी ठेवला होता. अक्का माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडणं ओसरल्यावर तिने मला सांगितलं. नवरा मला न्यायला आला त्या दिवशी तिने तुम्हाला एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, की पोरीला विचार. संध्याकाळी तुम्ही दोघं देवळात गेलात तेव्हा तिथेही तिने तेच म्हटलं. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "ती नही म्हनी. आनि माले तेच आयकनं शे, अक्का. म्हनीसन मी इचारस नही." मी नाहीच म्हणेन, आणि तेच ऐकायची तुम्हाला आस होती, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. मग म्हणे देवळाच्या पायरीवर बसलात आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोललात, की मी आज आहे उद्या नाही, डोळे गेलेच, घर पुतण्याच्या नावावर जाणार, मग ही बाई कोणाच्या दाराशी उभी राहील. मोटार झाळून देणाऱ्या बाईला तिचा बाप आहे तोवर काम आहे. मी गेल्यावर तिच्या अंगणात कोण येईल आणि कशासाठी येईल, हे मी कसं सांगू.

अक्का सांगत होती आणि मी त्या डोणीकडे बघत होते. डोणी कोरडी होती. मला तुमचा राग आला नाही, हे बरं झालं की वाईट, अजून ठरवता येत नाही. तुम्ही माझ्या वाटेचं भय एकट्याने उचललंत. त्यातलं अर्धं मला दिलं असतंत तर मी पेललं असतं, नाना. घाटात, सगळ्यांसमोर, हे काम हीच करते असं तुम्हीच म्हणाला होतात.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं मनाशी एक गोष्ट धरून जगले. पाट्यावर वाटताना, दळताना, पोरीच्या वेण्या घालताना मी ती परत परत घोळवली: तुम्ही विचारता, मी नाही म्हणते, नवरा परत जातो, आणि आपण ती अर्धी टाकी पुरी करतो. मी म्हातारी होईतो टाक्या झाळते. अंगणाच्या दाराशी मोटारी उभ्या राहतात. कधी रागावले की ही गोष्ट नवऱ्याला ऐकवायची असं ठरवायचे, पण ऐकवली नाही. तोही आता नाही. पोरीला तर कधीच सांगितली नाही, आणि हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही. तिला वाटेल, आपल्यामुळे झालं.

आज हे लिहिता लिहिता ती सकाळ मी सावकाश पुन्हा बघितली. माझ्या हातांना काजळी आहे. दारातून तुमची पाठ दिसते आहे, भात्यावर वाकून वाकून गोल झालेली. खांद्यावर ती पोर आहे, रडून घामाघूम झालेली, आणि तिने माझ्या चोळीचा काठ मुठीत घट्ट धरला आहे. मी ती मूठ सोडवायचा प्रयत्न केला नव्हता. तुम्ही काय बोलता ते ऐकायच्या आधीच मी एका हाताने चुलीवर दूध ठेवलं होतं.

नाना, तुम्ही विचारलं असतंत, तर मी बहुतेक "जाते" म्हणाले असते. तरी विचारायला हवं होतंत.